न लिहिलेलं दार

"आज कितवा अध्याय?" आवटीकाकांनी डबा उघडता उघडता विचारलं.

"सहावा."

"आणि फलश्रुती कधी?"

"अजून नऊ अध्याय आहेत, काका. हसू नका, आज तुमचीच गोष्ट आहे. आधी हातानं उभारून ठेवलेलं सगळं कोडमध्ये कसं आणायचं, ते."

"म्हणजे माझी पापं," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तोंडात टाकला.

पुस्तक माझं होतं. सहाशे पानांचं, इंग्रजी. क्लाउडवरची यंत्रणा माउसनं बटणं दाबत न उभारता कोड लिहून कशी उभारायची, हे एकेक उदाहरण करून घेत शिकवणारं. खराब होऊ नये म्हणून मी त्याला शाळेतल्यासारखं तपकिरी कव्हर घातलं आणि तिथंच फसले. त्या दिवसापासून आमच्या मिरजेच्या ऑफिसात ती 'पद्माची पोथी' झाली. नाव काकांनीच ठेवलं होतं, आणि रोज जेवणानंतर ती ऐकायला सगळ्यात आधी खुर्ची ओढून बसायचेही तेच.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. कंपनी छोटी, चौदा माणसांची. सांगली, कोल्हापूर, विजापूर या पट्ट्यातल्या अकरा रक्तपेढ्यांचं सॉफ्टवेअर आम्ही चालवायचो. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, कोण रक्तदाता शेवटचं कधी रक्त देऊन गेला, पुन्हा कधी देऊ शकेल, हे सगळं त्यात असायचं. आणि ते ज्या सर्व्हरांवर चालायचं ते सगळे रामचंद्र आवटी या एका माणसानं नऊ वर्षांत स्वतःच्या हातानं उभे केले होते. कुठं म्हणून काही लिहिलेलं नव्हतं. कुठला सर्व्हर कशासाठी, कुठल्या रक्तपेढीला कुठून आत येऊ द्यायचं, सगळं त्या चोपन्न वर्षांच्या डोक्यात. काकांना नुसता ताप आला तरी आमच्या मालकांना, शिरगुप्पेसाहेबांना, घाम फुटायचा.

त्या वर्षी पुण्याचा एक मोठा हॉस्पिटलसमूह आमच्याकडे यायला तयार झाला. त्यांची अट एकच होती. यंत्रणेतली प्रत्येक गोष्ट लिहिलेली पाहिजे आणि प्रत्येक बदलाची नोंद पाहिजे. मुदत जुलैअखेर. साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं, मी पुस्तक मागवलं, आणि काका रोज एकेक गोष्ट आठवून सांगायला लागले. मी लिहून घ्यायची. बदल्यात मी त्यांना पुस्तक मराठीत समजावून द्यायची, असा आमचा करार.

"थांब, परत सांग," सहाव्या अध्यायाला ते म्हणाले. "आपण फक्त काय हवंय ते लिहायचं?"

"हो. मग ते सॉफ्टवेअर आपलं लिहिलेलं आणि प्रत्यक्षात असलेलं ताडून बघतं आणि यादी देतं. हिरव्यात काय नवं होणार, पिवळ्यात काय बदलणार, लालमध्ये काय काढून टाकलं जाणार. त्या यादीला प्लॅन म्हणतात. आपण 'यस' टाइप केलं की तसं होतं. तोपर्यंत कशालाही हात लागत नाही."

"आणि यादीत न दाखवता त्यानं गुपचूप काही केलं तर?"

"नाही करत. जे करणार ते आधी दाखवणारच. प्लॅनची ओळ न ओळ वाचल्याशिवाय यस म्हणायचं नाही, असं पुस्तकात तीन ठिकाणी लिहिलंय."

"भला माणूस दिसतोय," काका म्हणाले.

मला वाटलं होतं की ते दोन दिवस गंमत म्हणून ऐकतील आणि कंटाळतील. पण एक दिवस मी आले तेव्हा ते आधीच येऊन स्क्रीनला नाक लावून बसले होते. तासगावच्या रक्तपेढीची फाइल त्यांनी स्वतः लिहिली होती. चार ठिकाणी कंस चुकले होते, ते मी दाखवले. पाचव्यांदा प्लॅन हिरवा आला. त्यांनी यस टाइप केलं, सर्व्हर उभा राहिला, आणि हा माणूस खाली जाऊन अर्धा किलो पेढे घेऊन आला. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "नऊ वर्षं मी एकटाच करत होतो गं. आता मी मेलो तरी चालतंय की!" सगळे हसले. मीही हसले.

त्याच संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पद्मजा, जुलैअखेर सगळं तुमच्या ताब्यात येईल ना?"

"येईल, सर."

"मग आवटींचं लॉगिन आपण बंद करू. दोन हात नकोत त्यात. त्यांना हेल्पलाइनच्या फोनवर बसवता येईल, बोलतात गोड. तुम्ही विभागप्रमुख." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "एवढ्यात त्यांच्यापाशी बोलू नका. सगळं उतरवून होऊ द्या."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात उकळ्याही फुटत होत्या. मी बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सातवा अध्याय उघडला.

जुलैच्या मध्याला काकांनी एक प्रश्न विचारला. पुस्तकाशी त्याचा संबंध नव्हता, निदान मला तेव्हा तसं वाटलं.

"पद्मा, समज एखादी गोष्ट आहे, आणि ती लिहायची नाहीये. तर?"

"का लिहायची नाही?"

"नाही म्हणजे... समज."

"मग ती नाहीच असं धरायचं, काका. कोडमध्ये नाही ती गोष्ट राहायला नको, हाच तर सगळा मुद्दा आहे."

"असं होय," ते म्हणाले. थोडा वेळ पेनाशी चाळा करत बसले. मी विचारायला हवं होतं. पण मला तो अध्याय संपवायचा होता.

काकांचा आणखी एक नेम होता. शुक्रवारी सर्व्हरला हात लावायचा नाही. शनिवार-रविवार रक्तपेढीत माणसं कमी असतात, काही बिघडलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही आणि लक्षात येतं तेव्हा सोमवार उजाडलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. मला तो जुन्या माणसाचा भित्रेपणा वाटायचा. माझ्या पुस्तकात शुक्रवारबद्दल एक अक्षर नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात काका अथणीला गेले. लेकीच्या मुलाचं बारसं होतं. सासरचं घर मळ्यात, तिथं फोनला रेंज नाही, सोमवारी येतो म्हणाले. जाताना माझ्या टेबलाशी दोन मिनिटं घुटमळले. "मी आल्यावर शेवटचं बघू. तोपर्यंत नको काही करू," असं म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी दुपारी चार वाजता साहेब माझ्या टेबलाशी आले. पुण्याची माणसं सोमवारी येणार होती, ती आता शनिवारी सकाळीच येणार होती.

"रक्तदात्यांच्या यादीचा सर्व्हर तेवढा राहिलाय ना? घ्या उरकून."

मी प्लॅन काढला. सतरा ओळी आल्या. सोळा पिवळ्या, बहुतेक नावं आणि लेबलं बदलणाऱ्या. एक लाल.

प्रत्येक सर्व्हरला दारं असतात. इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून येणाऱ्या माणसाला आत घ्यायचं ते दारावर ठरतं. अकरा रक्तपेढ्यांची अकरा दारं मी कोडमध्ये लिहिली होती, आमच्या ऑफिसचं बारावं. ही लाल ओळ तेराव्या दाराची होती. कधीतरी कुणीतरी हातानं उघडलेलं. पत्ता ना रक्तपेढीचा, ना ऑफिसचा. घरगुती इंटरनेटचा होता, मिरजेतलाच. कारण काहीच लिहिलेलं नव्हतं. माझ्या कोडमध्ये ते दार नव्हतं, म्हणून प्लॅन म्हणत होता की मी यस म्हटलं की ते काढून टाकलं जाईल.

काकांचा प्रश्न मला आठवला. तो आठवला नाही असं मी पुढे बराच काळ स्वतःला सांगत होते, पण आठवला होता. ती न लिहायची गोष्ट हीच, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि मला राग आला. दोन महिने मी या माणसाला पान न पान वाचून दाखवलं, आणि यानं स्वतःच्या घरून काम करायला चोरून दार ठेवलं आणि मला सांगितलं नाही! तेही रक्तदात्यांच्या यादीवर. मला ते दार ठेवता आलं असतं. दोन ओळी लिहायच्या, कारणाच्या जागी 'विचारायचं आहे' म्हणायचं. पुस्तकात तसंच करायला सांगितलं होतं. पण मग उद्या पुण्याच्या माणसांनी विचारलं असतं, हे काय आहे, आणि मला सांगता आलं नसतं.

"काही अडचण?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर," मी म्हणाले आणि यस टाइप केलं. तीन सेकंद लागले.

पुण्याची माणसं शनिवारी खूश होऊन गेली.

मंगळवारी सकाळी जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. काका आदल्या दिवशीच परतले होते. ते दाराशी उभे होते आणि त्यांच्यासमोर पस्तिशीची एक बाई होती, डोक्यावर ओढणी, हातात मुलांच्या वह्यांसारखी एक वही.

"तुम्ही शब्द दिला होता, भाऊ! हसीना, हे दार बंद होणार नाही म्हणाला होता. लेकरांच्या जिवावर उठला तुम्ही!"

"चुकलं माझं," काका म्हणाले.

"चुकलं म्हणून काय होतंय? ईश्वरी ॲडमिट आहे. पाच वर्षांचं लेकरू. दम लागून पांढरंफटक पडलंय!"

"हसीना, ऐक..."

"काही ऐकायचं नाही मला," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. काका तिथंच कठड्याला धरून उभे राहिले. मी काचेच्या आड होते.

मग सगळं कळलं. हसीना मुजावरच्या मुलीला, सनाला, थॅलेसेमिया होता. अशा मुलांच्या अंगात रक्त टिकत नाही, तीन-चार आठवड्यांनी नवं द्यावं लागतं, जन्मभर. मिरजेत सोमवारी त्या मुलांना रक्त चढवायचे. चौदा मुलं होती. त्यांच्यासाठी योग्य गटाचे रक्तदाते शोधून, शनिवार-रविवारी फोन करकरून त्यांना रक्तपेढीत आणायचं काम पगारी माणसांकडून कधीच धड झालं नव्हतं. ते गेली चार वर्षं हसीना आपल्या घरून करत होती. काकांनी तिला यादी बघायला दार उघडून दिलं होतं. नियमात ते बसत नव्हतं. ती रक्तपेढीची कुणी नव्हती, आणि रक्तदात्यांची नावं, फोन बाहेरच्या माणसाला दाखवणं हा गुन्हाच. म्हणून ते काकांनी कुठं लिहिलं नव्हतं.

त्या शनिवारी तिची यादी उघडेना. काकांचा फोन लागेना. रक्तपेढीत गेली तर तिथला कारकून म्हणाला, तुम्ही कोण, यादी बाहेरच्यांना देता येत नाही. मग तिनं वहीत होते त्या नंबरांवर, आठवतील त्या नावांवर दोन दिवस फोन केले. बारा मुलांचं रक्त मिळवलं. दोघांचं राहिलं. त्यातली एक ईश्वरी, कवठ्याची. ती पाचव्या दिवशी बरी होऊन घरी गेली, हे आधीच सांगते. पण मंगळवारी ते कुणालाच माहीत नव्हतं.

बुधवारी अकराला साहेबांनी मीटिंग घेतली. केबिनमध्ये आम्ही तिघंच. पुण्याहून फोन आला होता. रक्तपेढीतून त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना लेखी खुलासा हवा होता आणि कुणाच्या चुकीमुळे हे झालं त्याचं नाव.

"आवटी, दार तुम्ही उघडलंत?"

"होय."

"कुणाला सांगून?"

"नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "पद्मजा, शुक्रवारी हे दार जाणार आहे, हे तुम्हाला आधी दिसलं होतं का?"

प्रश्न सोपा होता. दिसलं होतं म्हटलं असतं तर खुलाशात माझंही नाव आलं असतं, मग विभागप्रमुख वगैरे विसरायचं. मी टेबलाकडे बघून म्हणाले, "नव्हतं दिसलं, सर."

"नक्की? प्लॅनमध्ये काहीच आलं नव्हतं?"

काका माझ्याकडे बघत होते, हे मला न बघताही कळत होतं.

"नाही, सर. चोरून उघडलेलं दार होतं ना ते. नाही आलं."

साहेबांनी मान हलवली. "आवटी, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"दार मी उघडलं होतं. न विचारता उघडलं होतं. लिहा माझं नाव," ते म्हणाले.

दुपारी त्यांचं लॉगिन बंद करायची सूचना मला आली. आता तेही कोडमधूनच व्हायचं. ज्या फाइलमध्ये आम्हा सगळ्यांची नावं होती तिच्यातून आवटी, रामचंद्र ही ओळ मी काढली. प्लॅनमध्ये एक लाल ओळ आली. मी ती वाचली आणि यस टाइप केलं. काका तेव्हा चार हातांवर बसून डबा पिशवीत भरत होते. हेल्पलाइनच्या खुर्चीवर ते एक दिवसही बसले नाहीत. आठवड्यानं राजीनामा आला. मी विभागप्रमुख झाले. पुस्तकाचे उरलेले अध्याय एकटीनं वाचले.

सप्टेंबरात पुण्याचे तपासनीस आले आणि त्यांनी जुलैच्या सगळ्या बदलांच्या नोंदी मागितल्या. ती नोंद आपोआप व्हायची. प्रत्येक प्लॅन जसाच्या तसा साठायचा, खाली यस कुणी टाइप केलं त्याचं नाव आणि वेळ. मला ते माहीत होतं. म्हणजे पुस्तकात वाचलं होतं, मीच चालू केलं होतं. पण मीटिंगमध्ये खोटं बोलताना ते डोक्यात आलं नाही, आणि नंतर मी त्या बाजूला फिरकलेच नाही. त्या दिवशी नाइलाजानं उघडलं. सतरा ओळी. एक लाल. खाली माझं नाव, शुक्रवार, चार वाजून बारा मिनिटं.

त्याच्याही खाली, हा प्लॅन नंतर कुणी कुणी उघडून पाहिला, ते होतं. दोन नावं होती. शिरगुप्पे, मंगळवार, दुपारी तीन. आवटी, बुधवार, सकाळी सव्वादहा. मीटिंग अकराला होती.

मी कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसले. मी त्या केबिनमध्ये टेबलाकडे बघत नाही म्हणत होते, तेव्हा समोरच्या दोघांनाही सगळं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी मी मालगाव रोडला काकांच्या घरी गेले. ते व्हरांड्यात टेबलफॅन उघडून बसले होते. मला बघून त्यांनी हात पुसले, खुर्ची दाखवली. मी उभीच राहिले.

"तुम्ही मीटिंगच्या आधी प्लॅन उघडला होता."

"होय."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पंख्याचं पातं बाजूला ठेवलं. "साहेबांनी तुला पहिल्यांदा विचारलं, तू नाही म्हणालीस. मला वाटलं, घाबरलीय पोरगी. त्यांनी परत विचारलं. मला वाटलं, आता सांगेल. मी वाट बघत होतो, पद्मा."

मला रडू आलं. त्यांनी मला थोपवलं नाही आणि समजूतही घातली नाही. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"मी उद्या साहेबांना सगळं सांगते," मी म्हणाले.

"त्यांना काय सांगणार? त्यांनी माझ्या आधी वाचलंय. त्यांना हवं होतं तेच तू बोललीस."

"मग मी काय करू?"

त्यांनी पंख्याची मोटर पुढ्यात ओढली. "हसीनाला सांग. तिला वाटतंय मी शब्द मोडला. फोन उचलत नाही माझा. बाकी कुणाचं मला काही नाही," ते म्हणाले.

हसीना दर्ग्याच्या मागच्या बोळात राहायची. मी विचारत विचारत पोचले. दोन खोल्यांचं घर, भिंतीला लावलेलं एक जुनं कॉम्प्युटरचं टेबल, त्यावर चादर घातलेली. जमिनीवर एक दहा वर्षांची मुलगी गृहपाठ करत होती. हसीनानं मला ओळखलं नाही. मी कंपनीचं नाव सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला, पण तिनं आत घेतलं.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. दार काकांनी बंद केलं नाही, मी केलं. बंद होणार हे मला समोर दिसत होतं. कशाचं आहे ते मी कुणाला विचारलं नाही. आणि नंतर खोटं बोलले.

"म्हणजे आवटीभाऊंनी नाही केलं?"

"नाही."

"ते गावाला गेले होते, ते खरं होतं?"

"खरं होतं. नातवाचं बारसं होतं."

हसीना मटकन कॉटवर बसली. "या अल्ला. मी त्यांना काय काय बोलले. जिन्यात, सगळ्या लोकांसमोर." ती स्वतःशीच बोलत होती. मग एकदम उठली, खुंटीवरची ओढणी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि मला काही न बोलता बाहेर पडली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून ती बोळातून जवळजवळ पळत जाताना दिसली.

मी आणि ती मुलगी, दोघीच राहिलो.

"अम्मी कुठं गेली?" तिनं विचारलं.

"आवटीकाकांकडे."

"भांडायला?"

"नाही. भांडण मिटवायला."

सनानं पेन्सिल खाली ठेवली. तिचा रंग पिवळट होता, मनगटं अगदी बारीक. "बरं झालं. अम्मीला आता यादी दिसत नाही. वहीत नंबर आहेत, पण कोण कधी रक्त देऊन गेलंय ते कळत नाही. खूप जणांना फोन करते तेव्हा एक येतो. मागच्या सोमवारी माझं राहिलं," ती म्हणाली. तिनं ते गृहपाठ राहिल्यासारखं सांगितलं. "आवटीकाका परत चालू करतील?"

"त्यांना नाही करता येत आता."

"मग कुणाला येतं?"

"मला," मी म्हणाले.

"मग करा की."

ते मला करता आलं असतं. दोन ओळींचं काम होतं, मला पाठ होतं. या वेळी कारणाच्या जागी लिहायला कारणही होतं. फक्त ते साहेबांना आणि पुण्याच्या माणसांना दिसलं असतं आणि खाली माझं नाव आलं असतं.

"बघते हं," मी सनाला म्हणाले.

सोमवारी सकाळी मी शिरगुप्पेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि हसीनासाठी रक्तपेढीची रीतसर परवानगी काढून ते दार परत उघडूया का, असं विचारलं. "नको, पद्मजा. एकदा झालं तेवढं पुरे," साहेब म्हणाले. मी बरं म्हटलं आणि माझ्या जागेवर येऊन बसले.